सांधा ऐकू येता कामा नये: सबवूफर आणि स्पीकर बाहेरच्या क्रॉसओव्हरने जोडताना

दिवाळी झाली की एखादा तरी फोन येतोच. "भाऊ, सबवूफर घेतला, पण मजा नाही येऊन राहिली. नुसता घुमून राहिला." मी एकच विचारतो, स्पीकरना अजून पूर्ण आवाज जातोय का? जातोय. मग घुमणारच. तोच खालचा सूर दोन स्पीकर आणि एक सबवूफर असा तीन ठिकाणांहून निघतो, वेगवेगळ्या वेळी खुर्चीपर्यंत पोचतो आणि कुठे एकमेकांत भर घालतो, कुठे एकमेकांना खातो. सबवूफरवरचं बटण फक्त सबवूफरला वरून कापतं, स्पीकरना खालून कापायला तिथे कोणीच नसतं. बाहेरचा क्रॉसओव्हर, म्हणजे वरचे सूर स्पीकरना आणि खालचे सबवूफरला वाटून देणारं यंत्र, लागतो तो त्यासाठी.

माझी खोली नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका फ्लॅट स्कीममध्ये, दुसऱ्या मजल्यावर. १२ बाय १५ फूट, छत १० फुटांवर. सव्वापाच इंची वूफरचे दोन पोर्टवाले (पेटीला हवेचं भोक असलेले) बुकशेल्फ स्पीकर, १० इंची बंद पेटीचा सबवूफर, मागे प्री-आउट आणि मेन-इन (सिग्नल मध्येच बाहेर काढायची आणि परत आत घालायची जागा) असलेला जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि साउंडवाले वापरतात तसा रॅकमध्ये बसणारा टू-वे अ‍ॅनालॉग क्रॉसओव्हर. पुढचे आकडे याच खोलीतले आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत तीच राहील.

स्पीकरना खालून का कापायचं

आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली गेलं की वूफरच्या कोनला, म्हणजे हलणाऱ्या शंकूला, चौपट पुढे-मागे जावं लागतं. ८० हर्ट्झला जो कोन एक मिलिमीटर हलतो, त्याला ४० हर्ट्झला चार मिलिमीटर हलावं लागेल. सव्वापाच इंची वूफरचा तिथेच जीव जातो, आणि त्याच कोनवर गायकाचा आवाजही स्वार असतो. पोर्टवाला स्पीकर असेल तर आणखी वाईट. पोर्टच्या सुराखाली गेलं की पेटीतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो. खालचं ओझं काढून घेतलं की पहिल्यांदा बेस सुधारत नाही, सुधारतो गळा. मला स्वतःला हे पटायला वर्ष लागलं.

८० हर्ट्झच्या वरचं काम स्पीकरने करायचं, खालचं सबवूफरने, आणि मधल्या पट्ट्यात दोघांनी हातात हात घालून. हा मधला पट्टा म्हणजे सांधा. तो खुर्चीवर बसून जुळवावा लागतो, बटणावरच्या आकड्याने जुळत नाही.

क्रॉसओव्हर साखळीत कुठे बसतो

आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणानंतर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी. म्हणजे प्री-आउटमधून सिग्नल क्रॉसओव्हरमध्ये, तिथून वरचा भाग मेन-इनमध्ये परत आणि खालचा भाग सबवूफरकडे. बऱ्याच जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर प्री-आउट आणि मेन-इन यांच्यामध्ये धातूचा यू आकाराचा छोटा दुवा असतो, तो काढून तिथेच शिरायचं.

ज्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला मेन-इन नाही ते टेप लूप (टेपरेकॉर्डर जोडायची जागा) वापरायचा जुगाड करतात. तो चालत नाही, कारण टेप लूप आवाजाच्या बटणाच्या आधी असतो. सबवूफरला कायम पूर्ण जोराचा सिग्नल आणि बटणाचा अंकुश फक्त स्पीकरना, असं होतं. त्यापेक्षा आवाजाचं बटण असलेला डॅक (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी) घ्या, त्यातून क्रॉसओव्हरमध्ये जा आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण एका जागी खूण करून कायमचं सोडून द्या. होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर मात्र बाहेरचा क्रॉसओव्हर विकत घेऊ नका. त्याच्या मेनूत स्पीकर 'स्मॉल' केला की हेच काम आतल्या आत होतं.

अ‍ॅनालॉग घ्यायचा की डिजिटल? पैशाचा प्रश्न नसेल तर डिजिटल. मिनीडीएसपीच्या टू बाय फोर एचडीसारख्या डबीत प्रत्येक आउटपुटला वेगळा विलंब आणि वेगळा ईक्यू (ठराविक सूर कमी-जास्त करायची सोय) देता येतो, आणि विलंबाची किंमत पुढे कळेल. अ‍ॅनालॉगमध्ये विलंब नसतो. पण नागपुरात मिरवणुकीतल्या धुमाल आणि डीजेवाल्यांमुळे वापरलेले रॅक क्रॉसओव्हर सहज फिरत असतात, मलाही तसाच मिळाला. दोन्हींत उताराचा, म्हणजे कापलेला आवाज किती झपाट्याने खाली जातो त्याचा, प्रकार लिंकविट्झ-रायली, २४ डेसिबल प्रति सप्तक, हाच निवडा. ह्यूलेट-पॅकर्डमधल्या सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या दोन अभियंत्यांच्या नावाचा हा फिल्टर १९७६ पासून सर्वांना माहीत झाला. कापण्याच्या बिंदूवर दोन्ही बाजू बरोबर ६ डेसिबल खाली असतात आणि एकाच फेजमध्ये असतात, म्हणजे दोन्हींच्या लाटा बरोबरीने चढतात-उतरतात, त्यामुळे बेरीज सपाट येते. अर्थात कागदावर. खोलीत ती तशी यावी म्हणून बाकीचा खटाटोप.

वायरी आणि ५० हर्ट्झची गुणगुण

घरातली यंत्रं आरसीए कनेक्टरची, साउंडवाल्यांची तीन पिनांच्या एक्सएलआरची. आरसीएमधून एक्सएलआर इनपुटमध्ये जाताना आरसीएची मधली तार पिन २ ला आणि शील्डची (बाहेरच्या जाळीची) बाजू पिन ३ ला येते. उलट दिशेने, म्हणजे एक्सएलआर आउटपुटमधून आरसीएकडे येताना, पिन ३ जमिनीला जोडायची की मोकळी सोडायची हे आउटपुटच्या रचनेवर ठरतं, तिथे यंत्राचं मॅन्युअल सांगेल तेच करा.

सबवूफरला एकच इनपुट असेल आणि क्रॉसओव्हरचे डावे-उजवे दोन 'लो' आउटपुट असतील, तर दोन्ही वाय केबलने एकत्र बांधू नका. एका आउटपुटमधून दोन इनपुट काढता येतात, दोन आउटपुट एकमेकांत घुसवता येत नाहीत, ते एकमेकांना लोड करतात. मागे 'एलएफ सम' किंवा 'मोनो सब' असं बटण शोधा. ते दाबलं की दोन्ही बाजूंचा मिळून बेस बहुतेकदा पहिल्या चॅनलच्या 'लो' मधून येतो.

सगळं जोडल्यावर गुणगुण आली तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल उपसून पाहा. माझ्याकडे चोर तिथेच होता, केबलवाल्याच्या तारेतून जमीन (अर्थिंग) दुसऱ्या वाटेने येत होती. मग सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून गुणगुण घालवायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

चालू करताना आधी डॅक, मग क्रॉसओव्हर, सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर. बंद करताना उलट क्रम. मे महिन्यात लाईट गेली की उठून सबवूफरचा स्विच बंद करायची सवय लावा, नाहीतर लाईट येताक्षणी क्रॉसओव्हर जो धप्पकन ठोका पाठवतो त्याने खालच्या काकू वर येतात.

सुरू करण्यापूर्वी तीन बटणं

सबवूफरचा आतला क्रॉसओव्हर बाद करा. 'एलएफई' (आतला क्रॉसओव्हर टाळणारा) इनपुट असेल तर तो वापरा, नसेल तर लो-पासचं (वरून कापायचं) बटण शेवटपर्यंत वर फिरवा. हे विसरलात तर बेस दोनदा कापला जातो आणि फेजचा हिशेब कधीच लागत नाही.

दुसरं, काही क्रॉसओव्हरवर ४० हर्ट्झचं 'लो कट' बटण असतं. मैदानात ते उपयोगाचं, घरात ते सबवूफरचा तळच कापतं. ते बाहेर असू द्या.

तिसरं बटण माझ्या पहिल्या रात्रीचं. साउंडवाल्यांच्या यंत्रात आकडे दहापट करणारं बटण असतं. माझं दाबलेलं होतं. मी मनाशी ९० म्हणत ९०० हर्ट्झवर कापत होतो, आणि कोपऱ्यातला सबवूफर बातम्या वाचत होता. तासभर मी वायरी बदलल्या.

कुठे कापायचं

८० हर्ट्झ हा आकडा टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजाच्या मानकामुळे सर्वांच्या तोंडी बसला, आणि सुरुवातीला तो वाईट नाही. त्याच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून सबवूफर बाजूला ठेवता येतो. पण स्पीकरकडेही पाहा. तो स्वतःहून ज्या ठिकाणी खाली पडायला लागतो, त्याच्या जमल्यास सप्तकभर वर कापावं. माझे स्पीकर ५५ हर्ट्झच्या आसपास दम सोडतात, हिशेबाने ११० येतं. पण ११० ला सबवूफर कुठे आहे हे मला डोळे मिटूनही सांगता येत होतं. शेवटी ९० वर थांबलो आणि स्पीकरच्या पोर्टमध्ये मोज्याची गुंडाळी कोंबली. पोर्ट बंद झाला की स्पीकर बंद पेटीसारखा वागतो, त्याचा उतार २४ वरून साधारण १२ डेसिबलवर येतो आणि सांध्याजवळची फेज शहाण्यासारखी होते. खालचा बेस कमी होतो, पण तो आता त्याचा प्रांत नाहीच.

डाव्या-उजव्या चॅनलची बटणं वेगळी असतील तर दोन्ही तंतोतंत एका जागी ठेवा. या बटणांवरच्या आकड्यांवर फार विसंबू नका, केसभर फिरवलं की दहा-पंधरा हर्ट्झ इकडचे तिकडे होतात. टोन वाजवून माप घेतलं तरच खरं कळतं.

सबवूफरची जागा

खोलीची लांबी-रुंदी फुटांत घ्या आणि ५६३ ला त्या आकड्याने भागा. माझ्याकडे १५ फुटांचे ३७.५ हर्ट्झ, १२ फुटांचे ४७, उंचीच्या १० फुटांचे ५६. या सुरांवर खोली स्वतःच गाते. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तिन्हींना एकदम जागं करतो. जोर सगळ्यात जास्त मिळतो आणि घुमारही.

जागा शोधायची जुनी युक्ती अजून तितकीच कामाची आहे. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, स्पीकर बंद करा, एका सुरावरून दुसऱ्यावर चालत जाणारी बेस गिटार असलेलं काहीतरी लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. कान सबवूफरच्या उंचीवर हवा. जिथे सगळे सूर सारख्या वजनाचे वाटतील तिथे सबवूफर. मी रांगत असताना मुलाने व्हिडिओ काढला, तो अजून नातेवाइकांत फिरतोय. माझी जागा समोरच्या भिंतीशी, डाव्या स्पीकरच्या आतल्या बाजूला निघाली. कोपऱ्यापासून जेमतेम चार फूट, पण फरक जमीन-अस्मानाचा.

मग कुरकुरणाऱ्या वस्तू. ३० ते १०० हर्ट्झचा टोन हळूहळू चढवत न्या. माझ्याकडे ४३ च्या आसपास एक पत्रा थरथरायचा. लोखंडी कपाट दाबून पाहिलं, खिडकीचे गज पाहिले. अखेरीस निघाला कूलर. बाजूच्या जाळीची चौकट एका खिट्टीवर लोंबत होती. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मागे सरकवली आणि दोन वर्षांचा 'सबवूफरचा दोष' गेला.

आधी पातळी, मग फेज

फेजला हात लावण्याआधी दोघांची पातळी जुळलेली हवी. गुलाबी गोंगाट, म्हणजे पिंक नॉइज, आधी फक्त स्पीकरमधून आणि मग फक्त सबवूफरमधून वाजवून खुर्चीवर माप घ्या. फोनच्या माइकवर खालच्या पट्ट्यासाठी भरवसा ठेवू नका. यूमिक-१ सारखा मोजणीचा यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. चढउताराचं बटण सबवूफरवर फिरवा, क्रॉसओव्हरचे गेन (पातळीची बटणं) शून्यावर राहू द्या.

आता खरी गंमत. ९० हर्ट्झची लाट ३.८ मीटर लांब असते आणि तिचं एक आवर्तन ११.१ मिलिसेकंदांचं. सबवूफर स्पीकरपेक्षा एक मीटर लांब असेल तर त्याचा आवाज २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे आवर्तनाचा चौथा हिस्सा मागे. बेरजेत जिथे ६ डेसिबल मिळायला हवेत तिथे पावणेतीन मिळतात. आणखी एक मीटर लांब गेला तर दोघे एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. सबवूफरच्या आत डिजिटल प्रोसेसर असेल तर तो आणखी काही मिलिसेकंद स्वतःच खातो, त्यामुळे टेपने अंतर मोजून विलंब भरणाऱ्यांचा हिशेब चुकतो.

कान फार चांगली मोजतो ती शांतता. म्हणून उलटं करायचं:

१. कापायच्या बिंदूचाच टोन, माझ्याकडे ९० हर्ट्झ, बोलण्याच्या पातळीवर सगळ्यांतून वाजवा. जोरात आणि फार वेळ नको, व्हॉइस कॉइल (स्पीकरमधली तारेची गुंडाळी) तापते.

२. सबवूफरची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटी करा. त्यावर ०/१८० चा खटका असतो, किंवा क्रॉसओव्हरवर फेज उलटवायचं बटण.

३. तुम्ही खुर्चीवर बसा, बटणाशी दुसऱ्याला बसवा. डिजिटल असेल तर विलंब अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने बदला. सबवूफर मागे पडत असेल तर त्याला पुढे आणता येत नाही, स्पीकरना थांबवावं लागतं. अ‍ॅनालॉग असेल तर सबवूफरचं ० ते १८० फेजचं बटण फिरवा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सबवूफरच वीतभर पुढे-मागे सरकवा.

४. एका जागी टोन अचानक बारीक होईल, जणू कोणी दार लावलं. तीच जागा.

५. पोलॅरिटी पुन्हा सरळ करा. ज्या जागी सगळ्यात जास्त पुसलं जात होतं, तिथेच आता सगळ्यात जास्त भर पडेल.

एकाच सुरावर फसू नका. विलंब अख्ख्या आवर्तनाने चुकला तरी ९० ला सगळं छान दिसतं आणि त्याच्या खाली-वर खड्डे पडतात. त्यामुळे शेवटी ६० ते १३० असा स्वीप (सलग चढत जाणारा टोन) घेऊन सांध्यात दरी नाही ना ते बघा.

हे सगळं करताना कूलर बंद. माझ्या पहिल्या आलेखात १०० हर्ट्झवर सरळ खांब उभा होता, आणि मी तो ईक्यूने कापायला निघालो होतो. मोटर होती ती.

ईक्यू, थोडासाच

फेज जुळल्यावर खोलीचे उंचवटे उरतात. माझ्याकडे ४७ वर ८ डेसिबलचा. अरुंद फिल्टरने तो ६ डेसिबल खाली आणला आणि बेस ओला होता तो कोरडा झाला. उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्ड्यात लाटा एकमेकींना खातात, वर कितीही ओतलं तरी तिथेच जिरतं आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र दमतो. खड्ड्यावर औषध म्हणजे खुर्ची फूटभर सरकवणं. आणि पातळ गादी किंवा पडदा लावून बेस सुधारत नाही. गांधीबागेतून आणलेल्या जाड पडद्यांनी टाळी वाजवली की घुमणारी माझी खोली शांत केली, ४७ च्या उंचवट्याला मात्र त्यांचा पत्ताही नाही.

कानाची परीक्षा

आलेख बरा दिसला की लॅपटॉप बंद करा. माझी परीक्षा ठरलेली आहे: काळी एकमध्ये गाणारा पुरुष गायक, विलंबित आलाप. त्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, मंद्र षड्ज ६९. म्हणजे तो मंद्रात उतरताना गंधार-रिषभाच्या पायऱ्यांवर, ८७ आणि ७८ च्या आसपास, बरोबर आपल्या सांध्यावरून चालत जातो. तिथे गायक खाली वाकून सबवूफरच्या दिशेने सरकल्यासारखा वाटला तर सबवूफर जास्त आहे किंवा बिंदू फार वर आहे. गळा एकदम बारीक झाला तर फेज चुकली. तो जागचा न हलता नुसता खोल गेला तर झालं.

मग तबला. डग्ग्यावर घिस्सा घेताना सूर सरकत जातो. तो सलग सरकला पाहिजे, मध्ये गचका नको. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग शेवटी ठेवा, त्यात सगळंच बरं वाटतं.

सबवूफरची पातळी पहिल्या दिवशी हमखास जास्त ठेवली जाते. आठवडाभर ऐका, मग एक-दोन डेसिबल कमी करा. सबवूफर बंद केल्यावर घर रिकामं वाटावं, चालू असताना त्याची आठवण येऊ नये, इतपत.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याकडची. उन्हाळ्यात कूलरसाठी खिडकी आणि मागचं दार उघडं असतं, आणि सगळ्यात खालचा बेस त्या वाटेने बाहेर जातो. गरम हवेत आवाज जोरात धावतो, २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर तर ४० ला साधारण ३५५, त्यामुळे खोलीचे सूरही जरासे चढतात. पण तो फरक हर्ट्झ-दीड हर्ट्झचा, सोडून द्या. दाराचा फरक मोठा. जून सरून कूलर निघाला, खिडकी लागली, की तीच सेटिंग जड वाटते. ज्या अवस्थेत ऐकता त्याच अवस्थेत मोजा. माझ्या सबवूफरच्या गेनच्या बटणाशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीवर दोन रेघा आहेत, 'कू' आणि 'बिनकू', साधारण अडीच डेसिबलच्या अंतरावर. यंदा मे संपता संपता पाऊस आला तेव्हा बटण 'बिनकू' वर नेलं, आणि चार दिवसांनी पुन्हा 'कू' वर आणावं लागलं.